सहा महिन्यांचे अग्निशामक प्रशिक्षण: फी भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर

अग्निशामक होण्यासाठी मी दोन ठिकाणी शिकलो. पहिले ठिकाण म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या गावातील एक खाजगी संस्था, जिथे माझे एक वर्ष गेले, आणि दुसरे म्हणजे राज्य शासनाची मान्यता असलेले एक प्रशिक्षण केंद्र, जिथे मी सहा महिने काढले. सध्या मी एका नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात कंत्राटी जवान म्हणून काम करतो. दहावी-बारावी झालेली गावाकडची मुले या क्षेत्राविषयी वारंवार विचारतात, म्हणून दोन्ही ठिकाणी पैशांच्या मोबदल्यात काय मिळाले ते येथे सविस्तर मांडत आहे. दोन्ही संस्थांची नावे मुद्दाम देत नाही, कारण तुमच्या जवळची संस्था कशी तपासायची हे कळणे जास्त उपयोगाचे आहे.

खाजगी संस्थेचे दर्शनी रूप फार आकर्षक होते. दारात लाल रंगाची जुनी गाडी, भिंतीवर शिरस्त्राण घातलेल्या जवानांची मोठी छायाचित्रे, आणि प्रवेश घेतल्याबरोबर हाती पडणारा गणवेश. वर्षभरात प्रत्यक्ष आग विझवण्याचा सराव मात्र एकदाच झाला: लोखंडी ट्रेमध्ये डिझेल ओतून पेटवले आणि तुकडीतील प्रत्येकाने ड्राय केमिकल पावडरचे सिलिंडर काही सेकंद चालवून पाहिले. होज, म्हणजे पाणी मारण्याचा लांब पाइप, एकच होता आणि तोही कपाटात असे. पुढे एका महापालिकेच्या भरतीत कागदपत्रांच्या पडताळणीच्या वेळी तेथील लिपिकाने माझे प्रमाणपत्र उलटसुलट पाहून बाजूला ठेवले. जाहिरातीत राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम मागितला होता, आणि माझ्या कागदावर 'डिप्लोमा' हा मोठा शब्द असला तरी तो पाठ्यक्रम नव्हता. वडिलांनी उसाच्या बिलातून भरलेली फी आणि माझे एक वर्ष त्या टेबलावरच संपले. म्हणून कळकळीने सांगतो, संस्थेचे माहितीपत्रक वाचण्याआधी कोणत्याही दोन-तीन महापालिकांच्या अग्निशामक भरतीच्या जाहिराती काढून शैक्षणिक अर्हतेचा रकाना शब्दशः वाचावा, आणि संस्था तो पाठ्यक्रम चालवते का, हे महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडे लेखी विचारावे.

त्याच जाहिरातींत शारीरिक पात्रताही दिलेली असते आणि तीही फी भरण्यापूर्वी पाहावी. बहुतेक ठिकाणी पुरुषांसाठी उंची किमान १६५ सेंटीमीटर, छाती ८१ सेंटीमीटर व फुगवून ५ सेंटीमीटर जास्त, आणि वजन किमान ५० किलो अशी अट आढळते. महिलांच्या अटी वेगळ्या असतात, आणि मोठ्या महापालिकांत उंचीची अट याहून जास्त असू शकते. घरी दाराच्या चौकटीला पाठ लावून मोजलेली उंची आणि मैदानावर मोजलेली उंची यांत एखाद्या सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि त्या एका सेंटीमीटरवर परत पाठवलेली मुले मी पाहिली आहेत.

आता शासनमान्य केंद्राविषयी. तेथील पहिला महिना अनेकांना निरर्थक वाटतो, कारण पहाटेची धावपळ, कवायत आणि होज गुंडाळणे यांखेरीज फारसे काही घडत नाही. माझ्या मते मात्र संपूर्ण पाठ्यक्रमातील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. आम्हाला शिकवणारे सर एका महापालिकेतून तांडेल, म्हणजे जवानांच्या तुकडीचा प्रमुख, म्हणून निवृत्त झाले होते. ते होजच्या गुंडाळीकडे न पाहता थेट कपलिंगमध्ये, म्हणजे दोन होज जोडणाऱ्या धातूच्या तोंडात, बोट घालत आणि आतला रबरी वॉशर जागेवर आहे का ते चाचपत. "पोरांनो, वॉशर पाहिला का?" हा प्रश्न सहा महिन्यांत किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. वॉशर नसला किंवा दुमडलेला असला, तर जोडावरून पाणी फवाऱ्यासारखे उडते, दाब कमी होतो आणि ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची तोटी, धरून पुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या हातात नेमक्या गरजेच्या वेळी धार कमी पोहोचते. कपलिंग जमिनीवर टाकलेले त्यांना मुळीच खपत नसे, कारण आपटून कड चेपली की पुढच्या वेळी जोड बसत नाही. नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात रात्री भंगाराच्या गोदामाची वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली. अंधारात पाच होज जोडताना माझे बोट आपोआप प्रत्येक वॉशरवरून फिरले, तेव्हा त्या महिन्याची किंमत मला कळली.

शिडीचा आणि दोरखंडाचा सरावही भरपूर होतो. बोलाइन, क्लोव्ह हिच आणि चेअर नॉट या गाठी आमच्याकडून डोळ्यांवर पट्टी बांधून मारून घेतल्या जात. प्रत्यक्षात धुरात किंवा विहिरीच्या तोंडाशी रात्री गाठ मारावी लागते आणि तेव्हा डोळ्यांचा काही उपयोग नसतो.

धुराच्या खोलीतील सरावाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण या पेशाविषयी मनात असलेली भीती किंवा फाजील आत्मविश्वास तेथेच उघडा पडतो. पाठीवर श्वसनयंत्र, म्हणजे सर्वजण ज्याला बीए सेट म्हणतात तो, चढवून दोघा-दोघांच्या जोडीने आत जायचे असते. सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाची हवा भरलेली असते, पण कागदावर लिहिलेली मिनिटे धापा टाकणाऱ्या माणसाला कधीच मिळत नाहीत. हवा ठरावीक पातळीखाली गेली की शिट्टी वाजू लागते आणि हातातले काम टाकून बाहेर पडावे लागते. आत शिरताना वजन मागच्या पायावर ठेवून पुढच्या पायाने जमीन चाचपायची आणि एका हाताने भिंत न सोडता पुढे सरकायचे. समोर धरलेल्या दुसऱ्या हाताचा तळवा आपल्याकडे आणि मागची बाजू बाहेर ठेवायची, कारण उघड्या विजेच्या तारेला तळवा लागला तर स्नायू आखडून मूठ तारेवरच आवळली जाते, तर हाताची पाठ लागली तर हात आपल्याच दिशेने ओढला जातो. पहिल्या फेरीत माझ्या जोडीदाराने चार मिनिटांत मास्क काढण्यासाठी हात वर नेला. सरांनी त्याला बाहेर आणले, पाणी दिले, एका शब्दानेही खाली पाहायला लावले नाही आणि तासाभराने पुन्हा आत पाठवले. आता तो एका महापालिकेत कायम नोकरीत आहे. शिकवणाऱ्याने स्वतः वर्द्या केलेल्या असणे म्हणजे काय, हे मला त्या दुपारी दिसले.

वर्गातील अभ्यासाचा दर्जा असमान आहे. घन, द्रव, वायू आणि धातू असे आगीचे वर्ग, कोणत्या आगीवर पाणी चालते आणि कोणत्या आगीवर फोम, तापलेल्या एलपीजी टाकीचा स्फोट कसा होतो, हे विषय चांगले शिकवले जातात. १४ एप्रिलला परेड झाल्यावर त्याच सरांनी १९४४ सालची मुंबई गोदीतील घटना शिकवली. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली होती. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्यांबरोबर स्फोटके भरलेली होती, आणि स्फोट झाला तेव्हा आग विझवत असलेले ६६ जवान प्राणास मुकले. तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. सरांनी आदरांजली वाहून फळ्यावर एकच प्रश्न लिहिला, 'आत काय आहे?', आणि रासायनिक कारखाना, फटाक्यांचे दुकान, खतांचे गोदाम अशा ठिकाणांची वर्दी आल्यावर हा प्रश्न कोणाला आणि कसा विचारायचा, यावर पुढचे दोन तास घेतले. याउलट पंपाचे गणित आणि २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम हे विषय इंग्रजी टिपणे वाचून दाखवून उरकले गेले. हे मला अजिबात पटले नाही. मराठी माध्यमातून आलेली निम्मी तुकडी त्या तासांना केवळ खाली मान घालून लिहून घेत असे. वास्तविक या कायद्याची नीट ओळख झाली तर सोसायट्या, रुग्णालये आणि कारखाने यांच्या अग्निसुरक्षेच्या कामातही रोजगार मिळू शकतो, कारण बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाला किंवा भोगवटादाराला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते.

वसतिगृह साधे होते आणि जेवण पोटभर असे. तक्रार करण्याजोगे काही नाही. मुलींसाठी कपडे बदलण्याची एकच खोली होती आणि गमबूट लहान मापात मिळत नव्हते, ही उणीव मात्र गंभीर आहे.

या पाठ्यक्रमाविषयीची माझी मुख्य नाराजी वेगळी आहे. तो शहर डोळ्यांसमोर ठेवून आखलेला आहे. आमच्याकडे मार्चपर्यंत उसाच्या फडांना लागणाऱ्या आगी, कडब्याच्या गंजी, विजेच्या तारांच्या घर्षणाने पेटलेले गोठे आणि विहिरीत पडलेली जनावरे याच वर्द्या जास्त असतात. जिथे बंब बांधावरून आत जाऊ शकत नाही आणि हायड्रंट, म्हणजे बंबासाठीचा पाण्याचा नळ, तर नसतोच, तिथे विहिरीवरून पाणी उचलून किती लांब होज टाकता येईल, वारा फिरला तर फडात उभ्या असलेल्या माणसांना कोणत्या बाजूने काढायचे, याचा सराव आमच्या तुकडीला एकच दुपार मिळाला. पोहणे तर शिकवलेच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुरात ब्रह्मनाळ येथे बोट उलटून माणसे दगावली, त्या खोऱ्यातील कोणत्याही केंद्रात पोहता न येणारा जवान असणे मला स्वीकारार्ह वाटत नाही. प्रवेश घेणाऱ्याने ही तयारी स्वतःच्या जबाबदारीवर आधी करून जावी.

ज्यांना पूर्णवेळ नोकरी नको आहे किंवा ज्यांचे भरतीचे वय उलटून गेले आहे, त्यांच्यासाठी हा पाठ्यक्रम नाही. आपली शेती किंवा दुकान सांभाळून गावासाठी काही करू इच्छिणाऱ्यांनी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कार्यालयात 'आपदा मित्र' योजनेची चौकशी करावी. बारा दिवसांच्या त्या प्रशिक्षणात प्रथमोपचार, शोध व बचाव आणि प्राथमिक अग्निशमन शिकवले जाते. ते जवानाची जागा घेऊ शकत नाही, परंतु तालुक्याचा बंब तीस-चाळीस किलोमीटरवरून येईपर्यंत गावात गॅसची टाकी कोणी बाहेर काढावी आणि वीजपुरवठा कोणी बंद करायला लावावा, हे जाणणारी चार माणसे असली तर आम्ही पोहोचतो तेव्हा परिस्थिती फार वेगळी असते. आमच्या शेजारच्या गावात असे दोघे आहेत, आणि तिथली वर्दी आली की आम्ही वाटेतूनच त्यांना फोन लावतो.

एकूण, शासनमान्य केंद्रातील सहा महिन्यांना मी पाचपैकी चार गुण देईन. एक गुण इंग्रजी टिपणे, गमबूट आणि पोहणे यांसाठी राखून ठेवतो. नोकरी कायम मिळेल या हिशोबाने मात्र कोणी जाऊ नये, कारण अनेक नगरपरिषदा ठोक मानधनावरच माणसे घेतात आणि कायम भरतीची जाहिरात येण्यास काही वर्षे लागू शकतात. प्रवेश मिळाल्यावर रोज धावण्याचा सराव सुरू करावा, सुती मोजे जास्त न्यावेत, आणि पहिल्या दिवशी दाढी पूर्ण काढून जावे. मास्कची रबरी कड दाढीवर हवाबंद बसत नाही, आणि आमच्या तुकडीतील तिघांना याच कारणासाठी सरांनी धुराच्या खोलीच्या दारातून परत पाठवले होते.