७,८८० डॉलर आणि चार रिव्हेटांची भोकं

गॅरेज गरम करून देणाऱ्या एका ठगापायी माझे ७,८८० डॉलर गेले. ते निस्तरायला वर ६,९५० लागले. एकूण १४,८३०. आकडे पूर्ण लिहितोय, कारण "थोडंफार नुकसान झालं" असं मोघम लिहून मोकळे होणाऱ्यांमुळेच पुढचा माणूस बळी जातो. दर ऑक्टोबरला आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "गॅरेज हीट करून देणारा कुणी आहे का?" आणि पाच मिनिटांत त्याच माणसाचा नंबर येतो. मला तो नंबर आणि ते नाव लिहिता येत नाही, वकिलाने हात बांधलेत. पण कामावरून माणूस ओळखता येईल एवढं नक्की लिहितो.

कॅनडाच्या प्रेअरी पट्ट्यातलं गॅरेज, घरापासून सुटं, मागच्या गल्लीकडे तोंड असलेलं, २४ बाय २४ फूट. २ बाय ४ च्या लाकडी खांबांच्या (स्टड) उघड्या भिंती, खाली बिनइन्सुलेशनचा ४ इंची स्लॅब. भिंतींत आर-१२ च्या (आर म्हणजे उष्णता अडवायची ताकद, आकडा मोठा तितकी जास्त) बॅट्स, म्हणजे इन्सुलेशनच्या गाद्या, त्यावर ६ मिलची पॉली, म्हणजे वाफ अडवणारं प्लास्टिक, वरून ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते), छतावर आर-४० चं ब्लोन, म्हणजे मशीनने फुंकून पसरलेलं फायबरग्लास, तासाला ४५,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) गॅस युनिट हिटर आणि घरापासून ३० फूट गॅस लाइन, एवढं सगळं ९,८५० डॉलरमध्ये ठरलं. बाकीची दोन कोटेशनं १३,२०० आणि १४,०५० ची होती. "एवढं स्वस्त कसं, हे तुला कळलं नाही का," असं आता सगळे विचारतात. अहो, निम्म्या भावात देतो म्हणाला असता तर मीच दारातून परत पाठवला असता. त्याने भावच असा काढला होता की संशयही येऊ नये आणि मोहही सुटू नये.

शिवाय तो बोलायचा अगदी अचूक. माझ्यासमोर कागद घेऊन हिशोब मांडला. आत १५ अंश, बाहेर उणे ३०, फरक ४५ सेल्सिअस म्हणजे ८१ फॅरनहाइट. दारं-खिडक्या वजा करून भिंती ६४० चौरस फूट. आर-१२ लिहिलेलं असलं तरी लाकडातून जाणारी उष्णता धरून आर-९ समजायचं, म्हणजे तासाला ५,७६० बीटीयू. छत ५७६ चौरस फूट, आर-४० ने जेमतेम १,१६६. मोठं दार १६ बाय ७. जाहिरातीत आर-१६, पण सांधे आणि कडा धरून आर-६, म्हणजे १,५१२. स्लॅबची कड ९६ फूट, तिथून साधारण ५,७००. फटींतून तासाला एकदा सगळी हवा बदलते असं धरलं तर ६,७००. बेरीज २१ हजारांच्या आसपास. ४५ हजारांचा हिटर ८० टक्के कार्यक्षमतेने ३६ हजार देतो. वरचा भाग दार उघडझाप करायला आणि बर्फाने लडबडलेली गाडी आत आली की ती वितळवायला. हा हिशोब मी नंतर तीन वेळा तपासला. बरोबर आहे. विजेच्या इन्फ्रारेड पॅनेलच्या जाहिरातींवर तर तो हसला होता: "दादा, १,५०० वॅट म्हणजे ५,११८ बीटीयू. डब्यात सिरॅमिक घाला नाहीतर सोनं घाला, आकडा तोच." हेही बरोबर. ज्याला एवढं कळतं तो चोर असेल असं कुणाला वाटेल?

पैसे गेले ते असे. निम्मी अॅडव्हान्स, ४,९२५. बँकेची ई-ट्रान्सफरची मर्यादा दिवसाला ३,०००, म्हणून पहिल्या दिवशी ३,००० आणि दुसऱ्या दिवशी १,९२५. हिटर दारात आल्यावर ३० टक्के, २,९५५. शेवटचे १,९७० तेवढे माझ्याकडे राहिले. पावती नको असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४९२ डॉलर ५० सेंट, वाचतील असं तो म्हणाला आणि मी हो म्हणालो. इथे माझी चूक आहे, मान्य. पण त्या साडेचारशे-पाचशे डॉलरच्या लोभावर जे लोक मला प्रवचन देतात त्यांनी आपल्या बेसमेंटचं काम कुणाकडून आणि कसं करून घेतलं ते आधी सांगावं.

आता तो क्षण. हिटर आला तो खोक्याशिवाय, ब्लँकेटात गुंडाळलेला. सोबत पुस्तिका नाही. बर्नरच्या बाजूच्या पत्र्यावर एक स्वच्छ, चकचकीत आयत होता आणि त्याच्या चार कोपऱ्यांत रिव्हेटांची चार भोकं. बायकोनेच बोट ठेवलं, "इथली पट्टी कुठे गेली?" तो म्हणाला, "वहिनी, वाहतुकीत निघाली असेल, नवीन मागवून देतो." आणि मी, माझ्या या हातांनी, त्याच संध्याकाळी २,९५५ डॉलर पाठवले. रिव्हेट वाहतुकीत निघत नाहीत. रिव्हेट ड्रिलने काढावे लागतात. गाड्यांची कामं स्वतः करणारा माणूस मी, आयुष्यात शेकडो रिव्हेट काढलेत, आणि त्या वेळी डोकं कुठे गहाण टाकलं होतं कुणास ठाऊक. त्या पट्टीवर काय असतं? मॉडेल, सिरियल नंबर, इनपुट बीटीयू, कोणता गॅस, मॅनिफोल्डचा (बर्नरला गॅस वाटणाऱ्या नळीतला) दाब, जळाऊ वस्तूंपासून किती अंतर, आणि कॅनडात चालणाऱ्या प्रमाणपत्राचा शिक्का. पट्टी नाही म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते उपकरणच नाही, भंगार आहे. पट्टी नसलेल्या हिटरला एक सेंटही देऊ नका.

ती का काढली होती ते जानेवारीत कळलं. हिटर जुना, प्रोपेनचा. प्रोपेनला मॅनिफोल्डवर १० इंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब लागतो, नॅचरल गॅसला साडेतीन. प्रोपेनचे ऑरिफिस, म्हणजे गॅस सोडणारी छिद्रं, बारीक असतात. त्यातून साडेतीन इंचांवर नॅचरल गॅस सोडला की ज्योत मरतुकडी आणि उष्णता छापील आकड्याच्या निम्म्याहून कमी. रूपांतराचं किट बसवायला जेमतेम तासभर लागला असता, तेही केलं नाही. हिटर दिवसरात्र घरघरायचा आणि बाहेर उणे ३० असताना आतला काटा शून्यावर चढायचा नाही. त्याला फोन केला तर म्हणे, "स्लॅब गार आहे, दोन आठवडे द्या." स्लॅब गार असतो हे खरंच आहे. त्याची प्रत्येक थाप अशी अर्धी खरी असायची.

छताचं काम बघा. ब्लोन इन्सुलेशनच्या प्रत्येक पिशवीवर तक्ता छापलेला असतो: एवढ्या चौरस फुटांना, एवढ्या आर-व्हॅल्यूला, एवढ्या पिशव्या. आमच्या ५७६ फुटांना त्या तक्त्याप्रमाणे अकरा लागत होत्या. कचऱ्यात रिकाम्या सापडल्या सहा. तरी अॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या पोकळीत, मोजपट्टी लावून मोजलं तर पंधरा इंच भरत होते! मशीनमध्ये हवा जास्त सोडायची आणि मटेरियल फुलवायचं, ही जुनी युक्ती. उंची दिसते, घनता नसते. आणि थंडी जितकी कडक तितकी त्या ढिल्या फायबरग्लासमधली हवा आतल्या आत फिरून उष्णता वर नेते. उंची मोजू नका. पिशव्या मोजा, काम चालू असताना मोजा, रिकाम्या पिशव्या घेऊन जाऊ देऊ नका.

पॉली त्याने दोनच भिंतींना लावली, ज्या मी बघितल्या त्या. उरलेल्या दोन आणि छत, मी कामावर असताना थेट ड्रायवॉलने झाकलं. गाडीवरचा बर्फ वितळला की ती सगळी वाफ ड्रायवॉलमागे जाते आणि गार प्लायवूडवर गोठते. फेब्रुवारीत अॅटिकमध्ये डोकावलो तर छपराच्या प्रत्येक खिळ्याच्या टोकाला बर्फाचं बोंड. मार्चमध्ये ऊन पडलं आणि आत पाऊस. हे तपासायला भिंत फोडावी लागत नाही: ब्रेकर बंद करा, सॉकेटचं झाकण काढा, डब्याच्या कडेला पॉली दिसते का बघा. पन्नास सेंटच्या झाकणामागे माझं उत्तर होतं.

गॅस लाइनबद्दल थोडक्यात. पिवळा प्लास्टिक पाइप फक्त जमिनीखाली चालतो, तोही सोबत ट्रेसर वायर (पाइप नंतर शोधता यावा म्हणून घालतात ती) घालून. वर येताना रायझर (जमिनीतून वर आणणारा जोडपाइप) लागतो आणि भिंतीच्या आत लोखंडी किंवा त्या कामासाठी मान्य असलेला पाइप. आमच्याकडे तो पिवळा पाइप सरळ भिंतीतून आत येऊन हिटरपर्यंत गेला होता. ट्रेसर वायर नाही. दाबाची चाचणी नाही.

सगळ्यात वाईट व्हेंट, म्हणजे धूर बाहेर नेणारी नळी. अॅल्युमिनियमची चुरगळणारी, कपडे वाळवायच्या ड्रायरची नळी आणि भिंतीबाहेर ड्रायरचंच झडपेचं तोंड. धुरात पाण्याची वाफ असते, ती झडपेवर गोठली, झडप बंद. अशा वेळी हिटरमधला प्रेशर स्विच हिटर बंद करतो, त्यासाठीच तो असतो. डिसेंबरात हिटर वारंवार बंद पडू लागला तेव्हा हा माणूस आला, दहा मिनिटांत "दुरुस्त" करून गेला. प्रेशर स्विचच्या दोन टोकांमध्ये बोटभर लांबीची लाल वायर जोडून, म्हणजे स्विचच निकामी करून. जानेवारीत गाडीखाली पाठीवर पडून काम करताना डोकं दुखायला लागलं. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर आकडा होता ५८ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५८ भाग), आणि तो वाजत नव्हता. वाजणारही नव्हता: ७० पीपीएमला तो एक ते चार तासांनी वाजतो, ३० पर्यंत तर महिनाभरही गप्प राहतो. वर्कशॉपमध्ये आकडा दाखवणाराच अलार्म घ्या आणि आकड्याकडे बघत राहा.

मी गॅस बंद केला, स्वतःहून इन्स्पेक्टर बोलावला. त्याने लाल टॅग (वापरबंदीची चिठ्ठी) लावला, योग्यच केलं. पण टॅग कुणाच्या नावाने? माझ्या. विनापरमिट काम केल्याची नोटीस कुणाला? मला. परमिटच्या कार्यालयात म्हणाले, परमिट निघालंय की नाही हे बघणं मालकाची जबाबदारी. मी विचारलं, हा माणूस असंच काम आणखी कुठे करतोय का, तुम्ही बघणार का? उत्तर मिळालं, पत्ता द्या. पत्ता मला माहीत असता तर मी तुमच्या खिडकीवर कशाला उभा राहिलो असतो? पोलिसांत गेलो. काउंटरवरचा म्हणाला, काम झालंय ना, वाईट झालं असेल, हा दिवाणी मामला. म्हणजे पैसे घेऊन काहीच केलं नसतं तर गुन्हा, पैसे घेऊन मला मारायची सोय करून दिली तर दिवाणी! बँकेने सांगितलं, ट्रान्सफर तुम्हीच केलीत, तुमच्याच पासवर्डने. ग्राहक संरक्षणवाल्यांना चौदा पानी तक्रार, फोटो, पिशव्यांचा तक्ता, लाल वायरचा व्हिडिओ, सगळं पाठवलं. एक नंबर आला, नंतर "फाइल विचाराधीन" एवढीच ओळ, दोनदा, शब्दही बदलला नाही. दिवाणी दावा लावायचा तर समन्स बजावायला पत्ता हवा, आणि कोटेशनवरचा पत्ता निघाला भाड्याच्या टपालपेटीचा. विम्याच्या कंपनीने तर उलट मलाच विचारलं, गॅसचं काम विनापरमिट का केलंत.

अल्बर्टासारख्या प्रांतात काम पूर्ण होण्याआधी पैसे घेणाऱ्याला प्रीपेड कॉन्ट्रॅक्टिंगचं वेगळं लायसन्स आणि बाँड (भरपाईची हमी) लागतो. लायसन्स नंबर मागा, स्वतः तपासा. परमिटचा नंबर त्याच्या तोंडून ऐकू नका, कार्यालयाला फोन करून विचारा. अॅडव्हान्स द्यायचाच तर क्रेडिट कार्डाने. कार्ड घेत नसेल तर काम देऊ नका. ड्रायवॉल लागायच्या दिवशी सुट्टी घ्या. पगार कापला गेला तरी चालेल. बर्नर जमिनीपासून १८ इंचांच्या वर हवाच, पेट्रोलची वाफ खाली साचते. आणि गाड्यांचं काम होणार असेल तर बाहेरून हवा घेणारा, सीलबंद ज्वलनाचा हिटर घ्या: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरची वाफ उघड्या ज्योतीत गेली की विषारी वायू होतो, आणि हीट एक्स्चेंजर गंजतो तो वेगळाच.

परवाना असलेल्या गॅस फिटरने नवी लाइन, नवा हिटर, व्हेंट आणि परमिट यांचे ५,६४० घेतले. छत उघडून पॉली लावून पुन्हा बंद करायला १,३१० लागले. या फिटरने दोन दिवसांत काम केलं आणि पट्टीचा फोटो आधी पाठवला, मी न मागता.

जुना हिटर अजून कोपऱ्यात पडलाय, लाल वायरीसकट. पुरावा म्हणून जपून ठेवा असं तीन कार्यालयांनी सांगितलंय. बघायला अजून एकही आलेलं नाही, आणि गेल्या आठवड्यात ग्रुपवर तोच नंबर पुन्हा पडला, खाली सात अंगठे.