अकिलीस दुखतोय: पायरीवर टाच सोडायची की वजन उचलायचं?

अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारा टाचेच्या वरचा तो जाड दोर, सकाळी पहिल्या पावलाला ठणकतो, हे लांब पल्ल्याच्या धावपटूंना सांगायला नको. नुसत्या विश्रांतीने तो बरा होत नाही. त्याला भार हवा. प्रश्न एवढाच, कसला?

पहिली पद्धत स्वीडनचे हाडांचे शल्यचिकित्सक हाकन आल्फ्रेडसन यांची, 1998 ची. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची; वर येताना चांगल्या पायाचा आधार. 15 चे 3 सेट गुडघा सरळ, 3 सेट वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. म्हणजे रोज 180! त्यांचा स्वतःचाच टेंडन दुखत होता आणि वरिष्ठ शस्त्रक्रिया करेनात, म्हणून तो तुटावा याच इराद्याने त्यांनी हे सुरू केलं, अशी गोष्ट सांगतात. तुटला नाही, दुखणंच गेलं.

दुसरी: जिममध्ये आठवड्यातून तीनदा, जड वजन घेऊन टाचा उचलायच्या आणि खाली आणायच्या, दर खेपेला वर-खाली मिळून सहा सेकंद. 2015 च्या डॅनिश चाचणीत दोन्हींचा गुण जवळपास सारखाच आला.

मी दुसरीकडे झुकतो. आठवड्याला शंभराहून जास्त किलोमीटर धावणाऱ्याला रोज 180 वेळा टाच सोडण्याचा कंटाळा येतो, आणि मग चुकवाचुकवी सुरू होते. प्रवासात मात्र पायरीच बरी. ती कुठेही सापडते.

दुखणं थेट टाचेच्या हाडापाशी असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका. अमेरिकेचा मॅरेथॉन धावपटू गेलन रप याचं दुखणं तिथलंच. 2018 मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. फेब्रुवारी 2020 मध्ये त्याने ऑलिंपिक निवड मॅरेथॉन जिंकली.