'मऊ लुसलुशीत' की 'एक वाटी पाणी'?

आजीची स्वयंपाक-बागकामाची वही नव्याने लिहून काढताना भाची अडली: 'मऊ लुसलुशीत उकड', 'मऊ भुसभुशीत माती' तसंच ठेवू, की मापं घालू?

'मऊ लुसलुशीत'सारख्या जोडविशेषणाला (जोडीने येणाऱ्या दोन विशेषणांना) जागा कमी लागते, हे उघडच. अचूकपणात माप पुढे वाटतं. पण मोदकाच्या उकडीला १ वाटी पिठाला १ वाटी पाणी लिहिलं, तरी जुन्या तांदळाचं पीठ जास्त पाणी पितं. तिथे हाताला कळणारं 'लुसलुशीत'च कामाचं. मातीचंही तसंच: ओलसर माती मुठीत वळावी, बोट लावताच फुटावी, ती भुसभुशीत.

कधी उकड मळलीच नाही अशा नवशिक्यासाठी माप लिही. हात बसलेल्याला जोडी पुरते.