बडोद्याहून इंग्लंड सहल: कॅथीड्रल, रेसकोर्स आणि वगळलेलं न्यूमार्केट

सकाळी कॅथीड्रल, दुपारी घोड्यांच्या शर्यती, अशी इंग्लंड सहल बडोद्यातली एक एजन्सी काढते. कल्पना झकास आहे. दिवसाच्या शर्यती बहुधा दुपारी दीड-दोनला सुरू होतात, म्हणजे सकाळ मोकळीच. रविवारी मात्र प्रार्थनेमुळे कॅथीड्रल पर्यटकांना उशिरा उघडतं, आणि सॉल्झबरीचं कॅथीड्रल नेमकं रविवारी ठेवलंय. त्यामुळे तिथला १२१५ चा मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, घाईत उरकावा लागतो. मनोऱ्याच्या ३३२ पायऱ्या चढायला वेगळं बुकिंग लागतं, वर सुमारे दीड तास जातो. तेवढी सवडच मिळत नाही.

चेस्टर उत्तम जमलंय. कॅथीड्रलमध्ये १३८० च्या सुमाराची लाकडी कोरीव आसनं बघायची आणि चालतच रूडी या रेसकोर्सवर जायचं. इथे १५३९ पासून शर्यती होतात. ट्रॅक जेमतेम मैलभराचा, सतत डावीकडे वळणारा. म्हणून पैसे लावताना घोड्याचा स्टॉल नंबर, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवरची त्याची जागा, आधी बघा: आतल्या बाजूच्या घोड्याला कमी अंतर कापावं लागतं, बाहेरचा वळणावरच मागे पडतो. तिकीट नको असेल तर शहराच्या जुन्या तटावरून शर्यत फुकट दिसते. यॉर्क ठीक.

खरी तक्रार ईलीची. ईलीच्या कॅथीड्रलचा मधला मनोरा १३२२ मध्ये कोसळला. त्या जागी ओकच्या प्रचंड खांबांवर अष्टकोनी लॅंटर्न, म्हणजे खिडक्यांचा लाकडी मनोरा, उभारला. १७० पायऱ्या चढून गेलं की देवदूतांची चित्रं असलेली लाकडी दारं उघडतात आणि कॅथीड्रलची फरशी थेट पायांखाली दिसते. हे सगळं सहलीत आहे. पण तिथून वीसेक किलोमीटरवरचं न्यूमार्केट, घोड्यांच्या शर्यतींचं गाव, नाही! बडोदेकरांच्या सहलीत ही चूक अक्षम्य आहे. महाराजा प्रतापसिंहराव गायकवाडांचा तबेला इथलाच, वॉरन प्लेस. त्यांच्या 'सयाजीराव' या घोड्यानं १९४७ ची सेंट लेजर शर्यत जिंकली आणि 'माय बाबू'नं १९४८ ची टू थाउजंड गिनीज शर्यत, तीही इथल्याच रोली माइल या मैदानावर.

एजन्सी ऐकत नसेल तर ईलीला एक मुक्काम वाढवून स्वतः जा. रेल्वेनं केंब्रिजला गाडी बदलावी लागते, टॅक्सी सोयीची. पहाटे निघा, वॉरन हिलवर घोड्यांचा सराव विनातिकीट बघता येतो. वसंतात आणि शरदात शर्यती रोली माइलवर, ऐन उन्हाळ्यात जुलै कोर्सवर. पत्ता नीट सांगा, दोन्ही मैदानं वेगळी आहेत. रोली माइल सरळ असल्यानं घोडे समोरून अंगावर येतात, पुढे कोण ते कळत नाही. दुर्बीण न्या. शेवटच्या फर्लांगाआधी (फर्लांग म्हणजे सुमारे दोनशे मीटर) उतार लागतो आणि मग चढ. दमलेला घोडा तिथेच उघडा पडतो.

वरच्या एनक्लोजरमध्ये, म्हणजे महागड्या प्रेक्षक विभागात, पूर्वी जीन्स, स्पोर्ट्स शूज चालत नसत; न्यूमार्केटला हा नियम २०२३ मध्ये काढला.