आंब्याच्या हंगामात ‘टू डू’ : कामांची यादी सांभाळणाऱ्या ॲपचे परीक्षण

देवगडच्या बाजूला ज्यांची हापूसची बाग आहे आणि घरातल्या दोन खोल्या पर्यटकांसाठी ठेवलेल्या आहेत, त्यांचे एप्रिल-मे कसे जातात हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. काढणी, अढी (फळ पेंढ्यात पिकत घालणे), पेट्या, मुंबई-पुण्याच्या घरपोच मागण्या, पाहुण्यांची जेवणे आणि मे सरत आला की कौले चाळण्यापासून लाकूडफाटा आत घेण्यापर्यंतची आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, तयारी, हे सगळे एकदमच अंगावर येते. कामे कष्टाची आहेतच, पण त्याहून अधिक थकवते ती काहीतरी राहून जाते आहे ही सततची धास्ती. त्या धास्तीवर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टचे ‘टू डू’ हे मोफत ॲप मी वापरायला घेतले आणि आख्खा हंगाम वापरून झाल्यावर हे लिहीत आहे.

‘वंडरलिस्ट’ हे कामांच्या याद्यांचे लोकप्रिय ॲप मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये विकत घेतले, 2017 मध्ये ‘टू डू’ आणले आणि 2020 मध्ये जुने ॲप बंद केले. याद्या, स्मरणसूचना, तारखा या सोयी इतर ॲपमध्येही मिळतात. माझ्या दृष्टीने याचे खरे मोल ‘माय डे’ या एका पानात आहे. बाग, घर, पाहुणे, बँक अशा कितीही याद्या केल्या तरी हे पान रोज सकाळी कोरे असते आणि आज कोणती कामे हाती घ्यायची ती आपण स्वतः निवडून त्यावर आणायची असतात. मध्यरात्री ते पुन्हा रिकामे होते. राहिलेली कामे मात्र कुठे जात नाहीत. ती आपापल्या यादीत असतात आणि दुसऱ्या दिवशी सूचनांमध्ये पुन्हा समोर येतात. काल काय झाले नाही याचा ढीग सकाळी उठल्याबरोबर पुढ्यात येत नाही, ही गोष्ट दिसायला लहान असली तरी दबलेल्या माणसाला तिने फार मोठा दिलासा मिळतो.

एका कामाच्या पोटात लहान टप्पे लिहिता येतात, त्याचा उपयोग मला सर्वांत जास्त झाला. ‘ठाण्याची पाच डझनांची पेटी’ एवढे लिहून ठेवले की ते काम डोंगराएवढे वाटते. पण त्याखाली फळ निवडणे, पेंढा घालून पेटी भरणे, नाव-पत्ता चिकटवणे, गाडीवर देणे, गिऱ्हाईकाला कळवणे असे टप्पे लिहिले की मध्येच पाहुण्यांनी चहासाठी हाक मारली तरी परत आल्यावर नेमके कुठून सुरू करायचे ते दिसते. मोहोर संरक्षणाच्या फवारण्यांसाठी ‘दर दोन आठवड्यांनी’ अशी पुनरावृत्ती लावता येते. अर्थात मळभ आले, अवकाळी पाऊस झाला किंवा तुडतुडा ही मोहोरावरची कीड वाढली तर ती तारीख आपणच बदलायची. ॲपला आभाळ कळत नाही. बागेत रेंज नसली तरी नोंद होते आणि रेंजमध्ये आल्यावर ती इतर उपकरणांवर पोहोचते. हाताला चीक लागलेला असताना जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलूनही लिहिता येते.

नुसते लिहून ठेवल्याने मन हलके का होते, याला मानसशास्त्रात आधार आहे. अर्धवट राहिलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक आठवत राहतात, असे मानसशास्त्रज्ञ ब्लुमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये मांडले. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या संशोधकांनी 2011 मध्ये असे दाखवले की काम पूर्ण झाले नसले तरी ते कधी व कसे करायचे हे नेमके ठरवले की त्याचे विचार मनात घुसणे कमी होते. म्हणून ‘बँक’ एवढाच शब्द न लिहिता ‘सोमवारी सकाळी पीककर्जाचे कागद देणे’ असे लिहावे.

‘माय डे’च्या पानावर किती कामे आणावीत याला ॲपची मर्यादा नाही आणि कोणत्या कामाला किती वेळ लागेल हेही ते विचारत नाही. वीस कामे आणून ठेवली तर हे पानसुद्धा जुन्या यादीसारखेच भिववू लागते. पाच-सहाच आणायची आणि त्यांतले एक घरातल्या दुसऱ्या कुणाला द्यायचे, ही शिस्त आपल्यालाच पाळावी लागते. यादी सामायिक करायची तर समोरच्याचेही मायक्रोसॉफ्ट खाते लागते, त्यामुळे गड्यांना आणि राखणदाराला कामे तोंडीच सांगावी लागतात. एकच धंदा आणि मोजकी कामे असतील त्यांना भिंतीवरचे कॅलेंडर पुरेल. यादी आटोक्यात येऊनही झोप लागत नसेल, छातीत सतत धडधड होत असेल, तर तो ॲपचा विषय राहत नाही. त्यासाठी 2022 पासून सुरू असलेली सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

ज्यांच्या घरात शेती, पाहुणे आणि मुलांच्या परीक्षा एकाच महिन्यात येतात, त्यांनी हे ॲप जरूर घ्यावे; मात्र हंगाम तोंडावर आल्यावर नव्हे, तर मोहोर फुटण्याआधी, हातात थोडी सवड असताना याद्या भरून ठेवाव्यात.