भेंडखळच्या वाटेवरची पत्र्याची खानावळ: जवळ्याला पैकीच्या पैकी, डाळीला नापास

नाव मुद्दाम देत नाही. जागेचं प्रकरण अजून मिटलेलं नाही, आणि माझं लिहिलेलं वाचून कुणी टेप घेऊन मोजायला जायला नको. उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरात काम करणाऱ्या कुणालाही ‘पत्र्याची वहिनी’ म्हणून विचारा, रस्ता दाखवेल.

मी क्लिअरिंगमध्ये, म्हणजे बंदरातला माल कस्टममधून सोडवायच्या कामात, फील्डला आहे. बावीस वर्षं झाली. सकाळी कामोठ्याहून बाइक काढायची, सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) कंटेनर तपासणीसाठी खाली उतरेपर्यंत थांबायचं, मग कस्टमची तपासणी, ओओसी (माल सोडायची कस्टमची परवानगी), डीओ (जहाज कंपनीचं डिलिव्हरी ऑर्डरचं पत्र), गेटपास, ट्रेलरची शोधाशोध. जेवणाची वेळ आपल्या हातात नसते. डबा आणला तर दुपारी तीनला उघडल्यावर भाजीचा वास बघून परत झाकावा लागतो. म्हणून ही खानावळ.

आत सहा टेबलं. वर पत्रा, पत्र्यावर गोणपाट, उन्हाळ्यात त्यावर पाणी मारतात. काउंटरच्या काचेखाली साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटच्या (गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या विकसित प्लॉटच्या) अर्जाची पोच ठेवलेली आहे, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. तिच्या शेजारी क्यूआर कोड. पैसे द्यायला वाकलं की दोन्ही एकदम दिसतात.

आता जवळा, म्हणजे बारीक सुकट. वहिनी कांदा बारीक चिरत नाही, उभा चिरते आणि भरपूर घालते. जवळा आधी कोरडा भाजून घेतलेला असतो, त्यामुळे दाताखाली कुरकुरतो आणि मागून कोकमाची आंबट चव येते. सोबत तांदळाची भाकरी. ती थापताना मी पाहिली आहे. परातीत पीठ अंगठ्याच्या मुळाशी रगडायचं, तळहाताला पाणी लावायचं, भाकरी फिरत फिरत मोठी होत जाते आणि तव्यावर टाकली की पाण्याचा हात वरून एकदाच फिरतो. फुगली नाही तर ती भाकरी घरच्या माणसांच्या ताटात जाते, गिऱ्हाइकाला नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी तिला पाचापैकी पाच देतो.

डाळ मात्र नका घेऊ. तडका नावालाच. खरं म्हणजे डाळ, रोटी, भेंडी हे सगळं ट्रेलरवाल्यांसाठी आलं. पूर्वी इथं फक्त आगरी जेवण होतं. चालक जास्त करून उत्तर प्रदेश, बिहार, पंजाबचे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना सुकटीचा वास सहन होत नाही. उत्तर प्रदेशातल्या गोंडा जिल्ह्याच्या एका चालकानं तिला रोटी लाटायला शिकवली, असं ती स्वतः सांगते. रोटी जमली, डाळ नाही जमली.

ह्या पट्ट्याचे आराखडे मी कामापुरते वाचतो. 1970 पासून ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावं नव्या मुंबईसाठी घेतली. बंदर 26 मे 1989 ला सुरू झालं. 2024–25 मध्ये तिथून सुमारे 73 लाख टीईयू हलले, म्हणजे वीस फुटी डब्यांच्या हिशेबात 73 लाख. डब्याचं सगळं ठरलेलं असतं: कुठं उतरवायचा, कुठल्या रांगेत ठेवायचा, किती दिवसांनी भाडं लागायचं. तो डबा ओढणाऱ्यानं कुठं जेवायचं, कुठं अंघोळ करायची, गेट बंद असेल तर रात्र कुठं काढायची, हे मी तरी कुठल्या नकाशावर रंगवलेलं पाहिलेलं नाही. वहिनीनं मागच्या बाजूला एक टाकी आणि दोन बादल्या ठेवल्यात. अंघोळीचे वीस रुपये, जेवणाऱ्याला फुकट. इथलं ट्रक टर्मिनल म्हणायचं तर तेच.

तिच्या सासऱ्यांची शेती बंदराच्या वेळी गेली. जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवरचा 16 आणि 17 जानेवारी 1984 चा गोळीबार, त्यात गेलेली पाच माणसं, त्यांचे नेते दि. बा. पाटील यांची सभा, हे सगळं म्हातारबाबा बाहेरच्या बाकड्यावर बसून सांगतात, विचारलं तर. न विचारताही सांगतात. तेव्हा घाई असेल तर आतलं टेबल धरा.

एकदा मी निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे, मागितल्या. वहिनी म्हणाली, “निवट्या नाय आता रोज मिलत. खाजनान भराव परला ना. जवला हाय, देव का?” खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, हा भराव कसला, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या भरावावर उभ्या असलेल्या गोडाऊनमधूनच मी जेवायला आलो होतो.

तक्रारी आहेत. हात धुवायला एकच नळ. बायकांसाठी संडास नाही. आमच्या ऑफिसातल्या मॅडम एकदा आल्या, परत आल्या नाहीत. धूळ तर विचारू नका, ट्रेलर गेला की पाण्याच्या ग्लासावर हात ठेवायचा. माशांची थाळी 180 झाली आहे. अटल सेतू झाल्यावर शिवडीकडून गाडीवाले साहेब लोक येऊ लागले, एका बाजूचा 250 टोल भरून आलेल्याला 180 ची थाळी स्वस्तच वाटते. आम्हा बाइकवाल्यांना त्या पुलावर सोडतच नाहीत, आम्ही आपले जुन्या रस्त्यानं. उरणची लोकल 12 जानेवारी 2024 ला सुरू झाली तेव्हा वाटलं होतं, इथलं गिऱ्हाईक वाढेल. स्टेशनपासून इथवर रिक्षाला जे पडतं त्यात अर्धी थाळी येते, त्यामुळे फरक पडला नाही.

मुलगा नवीन बोर्ड करतोय. नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं उडायला लागली, तर त्याला नावात ‘एअरपोर्ट’ घालायचंय. वहिनीचं म्हणणं, आधी पत्रा बदल.

एकूण पाचापैकी साडेतीन. बुधवार, शुक्रवार, रविवार गाठा, सोमवारी मासळी नसते. आणि साडेबाराच्या आत पोचा. एक वाजता शिफ्ट सुटते, मग जवळा संपतो आणि तुमच्या वाट्याला डाळ येते.