हॅरियर ईव्ही: मोटर दोन चाकांना की चारींना? एका इंदूरकराचा हिशोब

मेव्हण्याकडे टाटाच्या इलेक्ट्रिक एसयूव्हीची, म्हणजे हॅरियर ईव्हीची, आरडब्ल्यूडी आहे, म्हणजे मोटर फक्त मागच्या चाकांना, आणि मावसभावाकडे क्यूडब्ल्यूडी, म्हणजे पुढे एक मागे एक अशा दोन मोटरी. बॅटरी दोन्हीत ७५ किलोवॅट-अवरचीच. पावसाळ्यात दोघंही आळीपाळीने बाहेरगावी गेले आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेले, आठ-आठ दिवस. तेव्हापासून रामबागेत भेटेल तो विचारतो, भिया, क्यूडब्ल्यूडीसाठी दीड लाख जास्त घालायचे का? म्हणून एकदाच लिहून टाकतो.

दीड लाख कसे, तर २०२५ मधे किमती जाहीर झाल्या तेव्हा वरचं मॉडेल आरडब्ल्यूडीत २७.४९ लाख आणि क्यूडब्ल्यूडीत २८.९९ लाख, दोन्ही एक्स-शोरूम. घरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर त्यात धरलेला नाही हे लक्षात ठेवा.

शहरात फरक? खरं सांगू, शून्य. पलासियाच्या सिग्नलला काय आणि राजवाड्याच्या गर्दीत काय, मागची २३८ पीएस ताकदीची मोटरच एवढी दणदणीत आहे की दुसरी कशाला हवी हा प्रश्न पडतो. क्यूडब्ल्यूडीत पुढची १५८ पीएसची मोटर जोडीला येते, टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ५०४ एनएम, कंपनी शून्य ते शंभर ६.३ सेकंदात सांगते. एकदा सकाळी रिकाम्या सुपर कॉरिडॉरवर बूस्ट, म्हणजे पूर्ण ताकदीचा मोड, लावून बघितलं, बायकोच्या मांडीवरचा पोह्यांचा पुडा थेट तिच्या पोटावर, त्यानंतर ते बटण घरातूनच बंद झालं. उलट रोजच्या वापरात क्यूडब्ल्यूडीचा तोटाच, पुढची मोटर बॉनेटखालची जागा खाते, ६७ लिटरची पुढची डिकी ३५ वर येते, केबल ठेवली की भरली.

मला वाटलं होतं दोन मोटरी म्हणजे रेंज दणकून पडणार. तसं नाहीये. कागदावर ६२७ विरुद्ध ६२२ किलोमीटर, आणि कंपनी स्वतःच रस्त्यावरचा आकडा ४६०-४९० च्या घरात सांगते क्यूडब्ल्यूडीसाठी. कारण पुढची मोटर इंडक्शनची, तिच्यात कायमचं चुंबक नसतं, करंट बंद केला की ती नुसती फिरते, ओढून धरत नाही.

महेश्वरला दोन्ही गाड्या नेल्या, महूवरून जाम गेटच्या घाटाने. निमाडात उतरताना रीजेन (मोटरच गाडी रोखते आणि बॅटरी भरते ते) वाढवून ब्रेकला जवळपास पायच लावला नाही आणि खाली पोचेपर्यंत बॅटरीचा टक्का हलला नाही, परत चढताना मात्र तीन-चार टक्के जास्तीचे गेले, हे दोन्हीत सारखंच. फरक पडला तो ओल्या वळणावर. आरडब्ल्यूडीत वळणातून निघताना जरा जास्त दाबलं की चाक घसरू नये म्हणून असलेलं ट्रॅक्शन कंट्रोल मधे पडून ताकद कापतं, एक क्षण गाडी विचारात पडल्यासारखी वाटते. क्यूडब्ल्यूडी काही न बोलता निघून जाते. भीती वाटेल असं दोन्हीत काही नाही, पण घरात नवीन शिकलेला मुलगा गाडी चालवणार असेल तर हा मुद्दा धरा.

आता खरी गोष्ट. मामांचं शेत देपालपूरकडे, शेवटचा अर्धा किलोमीटर कच्चा, दोन्हीकडे सोयाबीन आणि खाली माळव्याची काळी माती. आरडब्ल्यूडी दीडशे पावलांवर बसली, मागची चाकं गरगर, ट्रॅक्टरने काढली (दोष गाडीचा नाही, तिथे बैलगाडीपण अडकते). पुढच्या आठवड्यात क्यूडब्ल्यूडी नेली, चिखलासाठीचा मड-रट्स मोड लावला, तीच जागा ती हळूहळू चढत पार करून गेली, मामा म्हणाले अरे वा. आणि पन्नास पावलं पुढे तीही थांबली! उतरून बघितलं तर टायरच्या खाचाच दिसेनात, सगळा चिखल गच्च बसून टायर लाडवासारखा गुळगुळीत झालेला. असल्या टायरला चारी चाकं फिरवा नाहीतर आठ, पकड कुठून येणार? मागे-पुढे करून निघाली शेवटी, ट्रॅक्टर लागला नाही, पण दोन टनांच्या वरचं धूड आहे हे तेव्हा कळलं. शेतासाठी घेताय तर टायरचा खर्च वेगळा धरा.

ज्यांना हायवेवर नुसता वेग पाहिजे ते बीवायडी सीलायन ७ ची ऑल-व्हील-ड्राइव्ह बघतात, ५३० पीएस, शंभरला ४.५ सेकंद. पण ती २०२५ मधे ५४.९० लाखाला होती, म्हणजे जवळजवळ दोन हॅरियर, आणि तिला घेऊन शेतात मी तरी जाणार नाही.

चार्जिंगला दोघी बहिणीच, १२० किलोवॅटचा चार्जर मिळाला तर २० ते ८० टक्के २५ मिनिटांत. मिळाला तर! सेंधव्याकडे जाताना मला एक बंद आणि एकावर आधीच गाडी लावलेली अशी दोन स्टेशनं लागली, तासभर चहा पीत बसलो.

माझं म्हणाल तर आरडब्ल्यूडी बुक करतोय. वर्षातून चारदा शेतावर जाणं होतं, त्यातलं पावसाळ्यात एकदा, तेव्हा गाडी डांबरावर लावून मामांच्या ट्रॅक्टरवर बसेन. पण ज्यांचं शेत दर आठवड्याचं आहे किंवा ज्यांना पावसात कच्च्याने धबधबे बघत हिंडायची हौस आहे त्यांनी क्यूडब्ल्यूडीच घ्या. मावसभावाला विचारलं तर तो तेच सांगतो, फक्त त्याचं शेत नाही, फ्लॅट आहे.